प्राणवायू ओसरतो तेव्हा : जिवाणूंच्या जनुकांचे नियमन

ओहोटीच्या वेळी खाजन शेताच्या बांधावरून खाली उतरून चिखलात पाय टाकला, की वरचा करडा-तपकिरी थर दुभंगतो आणि खालचा काळा गाळ वर येतो. त्यासोबत कुजक्या अंड्यांसारखा वासही येतो. काळा रंग लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा असतो, तर वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. दोन्ही खुणांचा अर्थ एकच : पृष्ठभागापासून अवघ्या काही मिलिमीटरांवर प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, संपलेला आहे. तरीही तेथील जीवन थांबलेले नाही. चमचाभर गाळात कोट्यवधी जिवाणू वाढत असतात, अन्न पचवत असतात.

प्राणवायूवाचूनही जीवन चालू शकते, हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये ब्युटिरिक आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करताना दाखवून दिले. काही जिवाणू प्राणवायूच्या सान्निध्यात मरतात, तर काहींना त्याशिवाय जगता येत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. प्राणवायू असला तर ते त्याचा उपयोग करतात, नसला तर दुसरा मार्ग धरतात. आपल्या आतड्यातील एशरिकिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय, हा या वर्गाचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रतिनिधी होय. थिओडोर एशरिश यांनी त्याचे वर्णन १८८५ मध्ये केले.

मार्ग बदलायचा म्हणजे यंत्रसामग्री बदलणे आले. जुनी प्रथिने बनवणे थांबवून नवी बनवावी लागतात आणि त्यासाठी काही जनुके बंद, तर काही सुरू करावी लागतात. जिवाणूला ना मेंदू, ना मज्जातंतू. असे असता प्राणवायू कमी झाला हे त्याला कळते कसे, कळल्यावर योग्य तीच जनुके योग्य क्रमाने जागी होतात कशी, आणि या सूक्ष्म फेरबदलाचा आपल्या शेताशी, फुप्फुसांशी आणि गोव्यासमोरच्या अरबी समुद्राशी काय संबंध, याचा परिचय या लेखात करून घेऊ.

प्राणवायूचे मोल

हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्के आहे. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम भरतो. पण ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम विरघळतो आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. शिवाय हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी मंद गतीने पसरतो. म्हणूनच साचलेले पाणी, गाळ, ओली माती, आतडे किंवा सुजलेली ऊती अशा ठिकाणी वापर पुरवठ्याच्या पुढे जातो आणि टंचाई निर्माण होते. जिवाणूंच्या जगात प्राणवायूची कमतरता हा अपवाद नसून रोजचा अनुभव आहे.

श्वसन म्हणजे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सोपवत अखेर एखाद्या ग्राहकाच्या स्वाधीन करणे. या प्रवासात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर पेशी जगते. अखेरचा ग्राहक इलेक्ट्रॉनांना जितका जोराने ओढील, तितकी ऊर्जा अधिक. रसायनशास्त्रात ही ओढ व्होल्टमध्ये मोजतात. प्राणवायूची ओढ सुमारे ०.८२ व्होल्ट, नायट्रेटची ०.४२ व्होल्ट आणि फ्युमरेट या सेंद्रिय संयुगाची केवळ ०.०३ व्होल्ट आहे. कोणताच ग्राहक न मिळाल्यास पेशीला किण्वनावर भागवावे लागते. त्यात साखरेच्या एका रेणूमागे ऊर्जेची दोन-तीनच नाणी हाती लागतात. प्राणवायूच्या श्वसनातील मिळकत याच्या कितीतरी पट असते.

ई. कोलायची पसंती याच उतरत्या क्रमाने चालते : आधी प्राणवायू, तो नसेल तर नायट्रेट, तेही नसेल तर फ्युमरेट, आणि काहीच नसेल तर किण्वन. वरची पायरी उपलब्ध असताना खालच्या पायरीची सामग्री बनवणे हा शुद्ध अपव्यय ठरतो, आणि वाढीच्या स्पर्धेत अपव्यय करणारा मागे पडतो. ही शिस्त राखण्याचे काम जनुकांचे नियमन करते.

नियमन म्हणजे काय?

ई. कोलायच्या डीएनएमध्ये प्रथिनांचे आराखडे बाळगणारी सुमारे ४,३०० जनुके आहेत. ती सगळी एकाच वेळी कधीच वापरात नसतात. जनुक ‘व्यक्त’ होते तेव्हा आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर त्याच्या आरंभस्थळाशी बसते, जनुकाची आरएनए प्रत काढते आणि त्या प्रतीवरून प्रथिन घडते. आरंभस्थळाजवळ काही नियामक प्रथिने येऊन बसू शकतात. त्यांपैकी काही पॉलिमरेजला बसण्यास मदत करतात, म्हणजे जनुक सुरू करतात. काही त्याची वाट अडवतात, म्हणजे जनुक बंद ठेवतात. एकच नियामक एका जनुकाशी साहाय्यक आणि दुसऱ्याशी अडसर म्हणून वागू शकतो. तो कोठे बसतो यावर ते बहुतांशी ठरते.

मूळ प्रश्न आता अधिक नेमका होतो. प्राणवायूच्या कमी-अधिकपणाची खबर नियामकापर्यंत पोहोचते कशी? जिवाणूंनी याची एकाहून अधिक उत्तरे शोधली आहेत. त्यांतील तीन प्रमुख रीती अशा : प्राणवायूने मोडणारा रेणू बाळगणे, इलेक्ट्रॉनांची तुंबलेली वाहतूक पाहणे, आणि प्राणवायू थेट पकडून पाहणे.

पहिली रीत : मोडणारा रेणू

१९७६ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठात लॅम्डेन आणि गेस्ट या संशोधकांना ई. कोलायचे काही उत्परिवर्तित वाण सापडले. प्राणवायूत ते व्यवस्थित वाढत, परंतु प्राणवायू काढून घेतल्यावर त्यांना फ्युमरेटही वापरता येईना आणि नायट्रेटही. दोन वेगळ्या मार्गांवर एकाच बिघाडाचा परिणाम होत होता, त्याअर्थी दोहोंवर एकच अधिकारी असला पाहिजे. त्या जनुकाला फ्युमरेट आणि नायट्रेट या दोन नावांवरून ‘एफएनआर’ म्हटले जाऊ लागले.

एफएनआर प्रथिनाच्या पोटात चार लोह आणि चार गंधक अणूंचा घनाकार गुच्छ असतो. प्राणवायू नसताना हा गुच्छ शाबूत राहतो. त्याच्या आधाराने प्रथिनाचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ही जोडी डीएनएवरील ठरावीक खुणेवर घट्ट बसते. टी-टी-जी-ए-टी ही पाच अक्षरे, मग मध्ये चार अक्षरांची मोकळी जागा, मग ए-टी-सी-ए-ए, अशी ती खूण आहे. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर ती सारखीच वाचता येते, म्हणून जोडीतील प्रत्येक भागीदाराला आपापली अर्धी खूण मिळते.

प्राणवायू पेशीत शिरला की चार लोहांच्या गुच्छावर त्याचा हल्ला होतो. काही मिनिटांतच गुच्छ मोडून दोन लोह आणि दोन गंधक एवढाच उरतो, जोडी सुटते आणि प्रथिन डीएनएवरून निघून जाते. प्राणवायू टिकून राहिला तर उरलेला गुच्छही नाहीसा होतो. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पेशीतील एफएनआर प्रथिनाचे एकूण प्रमाण प्राणवायू असताना आणि नसताना जवळजवळ सारखेच असते. त्याचे अस्तित्व बदलत नाही, कार्यक्षमता बदलते. पेशी नवे गुच्छ सतत बनवत राहते आणि प्राणवायू ते सतत मोडत राहतो. मोडणारा थकला, म्हणजे प्राणवायू घटला, की शाबूत गुच्छांची संख्या आपोआप वाढते.

हा व्यवहार महागडा वाटेल, पण त्याचा लाभ मोठा आहे. प्राणवायू परत आला तर नव्याने काही बनवण्याची गरज न पडता नियामक लगेच निष्क्रिय होतो. एफएनआर सक्रिय असताना नायट्रेट आणि फ्युमरेट यांच्या श्वसनाची, तसेच किण्वनाची अनेक जनुके सुरू होतात आणि प्राणवायूच्या श्वसनाची कित्येक जनुके मंदावतात. याच घराण्यातले नियामक पुढे कितीतरी जिवाणूंत आढळले. त्यांपैकी काहींची गाठ आपल्याला लेखाच्या शेवटी समुद्रात पडणार आहे.

दुसरी रीत : तुंबलेली वाहतूक

दुसरी यंत्रणा प्राणवायूला स्पर्शही करत नाही. ती प्राणवायूच्या अभावाचे परिणाम पाहते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिरो इउची आणि एडमंड लिन यांनी १९८८ मध्ये तिचे वर्णन केले. तिचे नाव आर्क, आणि तिचे घटक दोन. आर्क-बी हे संवेदक प्रथिन पेशीच्या पटलात बसलेले असते. आर्क-ए हे नियामक प्रथिन पेशीच्या आत मोकळे फिरत असते.

पटलात क्विनोन नावाचे छोटे रेणू इलेक्ट्रॉनांची ने-आण करतात. प्राणवायू भरपूर असला की ते आपले ओझे भराभर उतरवून रिकामे होतात, आणि रिकामे क्विनोन आर्क-बीला गप्प ठेवतात. प्राणवायू घटला की ओझे उतरवायला जागा उरत नाही, भरलेले क्विनोन साचतात आणि आर्क-बीवरचा दाब उठतो. मग आर्क-बी स्वतःला एक फॉस्फेट गट जोडून घेते आणि तो पुढे आर्क-एकडे सोपवते. फॉस्फेट मिळालेले आर्क-ए डीएनएवर बसून प्राणवायूच्या श्वसनासाठी लागणाऱ्या अनेक जनुकांना, विशेषतः अन्नाचे संपूर्ण ज्वलन करणाऱ्या चक्राच्या जनुकांना, आवर घालते.

आर्क आणि एफएनआर मिळून काय साधतात, याचे सुंदर उदाहरण श्वसनाच्या अखेरच्या विकरात दिसते. ई. कोलायकडे अशी दोन प्रमुख विकरे आहेत. ‘बीओ’ हे भरपूर प्राणवायूत उत्तम काम करते आणि ऊर्जाही अधिक मिळवून देते. ‘बीडी’ हे ऊर्जा कमी देते, परंतु अत्यल्प प्राणवायूही टिपून घेते. प्राणवायू घटू लागताच आर्क-ए पहिल्याला आवरते आणि दुसऱ्याला चालना देते. प्राणवायू पूर्ण संपल्यावर मात्र एफएनआर दुसऱ्यालाही थांबवते, कारण टिपायला काही उरलेलेच नसते. परिणामी ‘बीडी’चे प्रमाण मधल्या टंचाईत सर्वाधिक असते. भरपूर, थोडा आणि अजिबात नाही, अशा तीन अवस्था जिवाणू अशा रीतीने वेगवेगळ्या ओळखतो.

नायट्रेटसाठी याहून वेगळी यंत्रणा आहे. नार-एक्स हे पटलातील संवेदक नायट्रेट ओळखते आणि नार-एल या नियामकाला कळवते. नायट्रेटचे श्वसन करणाऱ्या विकराचे जनुक पूर्ण जोमाने चालायचे तर एफएनआर आणि नार-एल दोघांचीही संमती लागते. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात तसे. प्राणवायू नाही, पण नायट्रेटही नाही, तर ते विकर बनवण्यात अर्थ नाही. उलट नायट्रेट असेल तर नार-एल फ्युमरेटच्या मार्गाला अडवून ठेवते, कारण अधिक लाभाची पायरी हाताशी आहे. मघाशी पाहिलेला उतरता क्रम असा प्रत्यक्षात येतो. एकही नियामक संपूर्ण क्रम जाणत नाही. प्रत्येक जण आपल्यापुरती एकच गोष्ट पाहतो.

तिसरी रीत : प्राणवायू पकडून पाहणे

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाचे लोहयुक्त चक्र असते. प्राणवायू त्याला चिकटतो आणि सुटतो. काही जिवाणूंनी हेच चक्र संवेदक म्हणून वापरले आहे. याचे पहिले ठळक उदाहरण लसूणघासाच्या मुळांवर राहणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटी या जिवाणूत मिळाले. त्याचे फिक्स-एल हे संवेदक प्रथिन हीमधारी असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत हे जिवाणू हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करतात. त्यासाठी लागणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने कायमचे निकामी होते. दुसरीकडे, या कामाला ऊर्जा प्रचंड लागते आणि ती प्राणवायूच्या श्वसनातूनच मिळू शकते. म्हणजे प्राणवायू हवा तर आहे, पण मोकळा नको. वनस्पतीने यावर काढलेला तोडगा डोळ्यांनी पाहता येतो. वायंगण शेतातील अळसांद्याचे जोमदार झाड मुळासकट उपटून त्यावरची गाठ नखाने चिरली, तर आत गुलाबी-लाल रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा रंग होय. हे प्रथिन प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूंच्या दाराशी थोडाथोडा पोहोचवते. त्यामुळे मोकळ्या प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प राहते.

गाठीतील ही अवस्था फिक्स-एल ओळखते. हीमला प्राणवायू चिकटलेला असतो तोवर फिक्स-एल निष्क्रिय असते. तो सुटला की फिक्स-एल आपला फॉस्फेट गट फिक्स-जे या नियामकाला देते. त्यातून पुढे नायट्रोजिनेजची जनुके आणि अत्यल्प प्राणवायूवर चालणाऱ्या खास श्वसन-विकराची जनुके जागी होतात. जिवाणू मोकळ्या मातीत असताना ही जनुके झोपलेली असतात. रायझोबियमचे संवर्धक वापरणाऱ्या शेतकऱ्याला पांढऱ्या किंवा हिरवट गाठींपेक्षा आतून लाल असलेल्या गाठी पाहायला सांगतात, त्यामागचे शास्त्र हे आहे. तो लाल रंग म्हणजे काम चालू असल्याची खूण.

फुप्फुसातील दीर्घ निद्रा

हीच तिसरी रीत वापरणारा आणखी एक जिवाणू मात्र माणसाचा शत्रू आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये ओळखलेला क्षयाचा जिवाणू वाढीसाठी प्राणवायूवर अवलंबून असतो. तरीही जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना त्याची लागण झालेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्यांना आजार कधीच होत नाही. काहींच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षे गप्प राहून प्रतिकारशक्ती खालावताच उफाळतो. शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गाठीसारख्या कोंडाळ्यात वेढतात आणि त्या कोंडाळ्याच्या गाभ्यात प्राणवायू फार कमी पोहोचतो. तेथे तो टिकतो कसा?

लॉरेन्स वेन आणि त्यांचे सहकारी हेज यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या प्रश्नाला दिशा दिली. त्यांनी बंद नळ्यांत हा जिवाणू वाढवला आणि द्रव हळूहळू ढवळत ठेवला. आतला प्राणवायू जिवाणूंनीच सावकाश संपवला. त्याचे प्रमाण संपृक्ततेच्या सुमारे एक टक्क्यावर आले तेव्हा जिवाणूंनी विभाजन थांबवले आणि ०.०६ टक्क्यापर्यंत घसरल्यावर त्यांनी आणखी खोल निद्रा घेतली. ते मेले नाहीत. प्राणवायू परत मिळताच एकत्रितपणे पुन्हा वाढू लागले. याउलट, वाढत्या जिवाणूंचा प्राणवायू एकाएकी काढून घेतला तर ते झपाट्याने मरतात. टंचाई सावकाश आली तर जिवाणूला तयारीला वेळ मिळतो आणि ती तयारी जनुकांच्या पातळीवर होते.

या तयारीचा प्रमुख सूत्रधार म्हणजे डॉस-आर हा नियामक. याच्या शोधात भारतीय संशोधनाचा मोठा वाटा आहे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जया त्यागी यांच्या गटाने ही जनुकजोडी ‘डेव्ह-आर’ आणि ‘डेव्ह-एस’ या नावांनी ओळखली होती. घातक आणि निरुपद्रवी वाणांची तुलना करताना ती हाती आली होती. पुढे टंचाईतील निद्रेशी तिचा संबंध स्पष्ट झाल्यावर ‘डॉस’ हे नावही रूढ झाले. आज दोन्ही नावे वापरात आहेत.

डॉस-एस आणि डॉस-टी ही दोन हीमधारी संवेदक प्रथिने प्राणवायूच्या घटीची वर्दी देतात आणि डॉस-आर सुमारे ४८ जनुके सुरू करतो. त्यांतील काही प्रथिने निद्रेतील पेशीचा सांगाडा आणि ऊर्जेचा तोल राखतात. संरक्षक पेशी जिवाणूला मारण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. हा वायूदेखील याच संवेदकांना जागे करतो. शरीराचे अस्त्र जिवाणूला लपण्याची सूचना देते, असा हा विपरीत प्रकार आहे.

याची किंमत रुग्ण मोजतो. क्षयाची अनेक औषधे वाढत्या जिवाणूवर प्रभावी ठरतात. आयसोनियाझिड पेशीभित्ती बांधण्याच्या कामावर घाव घालते. पण निद्रिस्त जिवाणू भिंत बांधतच नाही, तर घाव कशावर पडणार? साध्या क्षयाचाही प्रचलित उपचार सहा महिने का चालतो आणि दोन महिन्यांत खोकला थांबल्यावर गोळ्या सोडणे धोक्याचे का, याचे एक महत्त्वाचे उत्तर येथे मिळते. बरे वाटणे म्हणजे वाढते जिवाणू मेले. मंदावलेले अजून शिल्लक असू शकतात. म्हणूनच अलीकडच्या काळात निद्रेतही चालू राहणाऱ्या क्रियांवर औषधसंशोधकांचे लक्ष गेले आहे. बेडाक्विलिन हे औषध पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या विकरालाच अडवते. झोपलेल्या पेशीलाही थोडी ऊर्जा लागतेच, त्यामुळे प्रयोगशाळेत ते निद्रिस्त जिवाणूंवरही परिणाम करताना दिसले आहे.

गोव्यासमोरचा समुद्र

आता पुन्हा किनाऱ्याकडे येऊ. अरबी समुद्राच्या खुल्या भागात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू वर्षभर अत्यल्प असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड आणि कमी प्राणवायूचे पाणी वर सरकून उथळ भागात येते. त्याच वेळी पाऊस आणि नद्या यांचे हलके गोडे पाणी वर तरंगते आणि झाकणासारखे बसते. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही, वरून मृत वनस्पतिप्लवकांचा पाऊस पडत राहतो आणि जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ही अवस्था शिगेला पोहोचते. तळाशी राहणारे मासे अशा पाण्यापासून दूर सरकतात आणि त्याचा फटका मासेमाराला बसतो.

दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद वाजिह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पट्ट्याचा अभ्यास करून २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. नैसर्गिकपणे निर्माण होणारा हा पट्टा अधिक तीव्र झाल्याचे आणि खुल्या किनारी पाण्यात तोवर नोंदलेले हायड्रोजन सल्फाइड व नायट्रस ऑक्साइड यांचे सर्वाधिक साठे येथे आढळल्याचे त्यांनी नमूद केले. शेतीतून आणि वस्तीतून वाहून येणारे नायट्रेट यामागे असण्याची शक्यताही त्यांनी दाखवली. कांदोळीसमोरच्या समुद्रात ही संस्था ठरावीक ठिकाणी वारंवार पाण्याच्या नोंदी घेत आली आहे.

नायट्रस ऑक्साइड हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. तो येथे का साचतो हे समजून घ्यायचे तर जिवाणूंच्या जनुकांकडे वळावे लागते. प्राणवायू संपल्यावर समुद्रातले अनेक जिवाणू नायट्रेटचे श्वसन करतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि अखेर निरुपद्रवी नायट्रोजन, अशा चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीचे विकर निराळे आणि जनुकेही निराळी. या जनुकांवर प्रामुख्याने एफएनआरच्या घराण्यातील नियामकांचा अंमल असतो : काही प्राणवायूच्या अभावाला प्रतिसाद देतात, काही मधल्या नायट्रिक ऑक्साइडला.

चौथ्या पायरीचे तांबेयुक्त विकर प्राणवायूच्या बाबतीत सर्वांत नाजूक असते. पाणी कायमचे प्राणवायूहीन असेल, तर चारही पायऱ्या पूर्ण होतात आणि शेवटी नायट्रोजन मिळतो. उथळ किनाऱ्यावर मात्र लाटा आणि वारा यांच्यामुळे प्राणवायू मधूनच येतो व पुन्हा जातो. अशा वेळी पहिल्या पायऱ्या चालू राहतात, पण शेवटचे विकर थबकते किंवा नव्याने तयार व्हायला वेळ घेते. तेवढ्या अवधीत नायट्रस ऑक्साइड साचतो आणि पाणी उथळ असल्याने हवेत निसटतो. किनाऱ्यावरील मोठ्या साठ्यांचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण संशोधकांनी पुढे ठेवले आहे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांतही हाच धोका असतो. तेथे हवा किती आणि केव्हा सोडायची, हे ठरवताना अभियंत्याला नकळत याच नियामकांशी वाटाघाट करावी लागते.

वेळेचे महत्त्व

प्राण्यांच्या पेशीही प्राणवायूची घट ओळखतात. ती यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. जिवाणूंच्या यंत्रणा त्याहून वेगळ्या आहेत. मोडणारा गुच्छ, तुंबलेले क्विनोन आणि हीमला चिकटणारा-सुटणारा प्राणवायू या तिन्ही रीती साध्या रसायनावर उभ्या आहेत. तरी त्यांतून निघणारा निर्णय बारकाव्याचा असतो, कारण त्यात प्रमाणाबरोबर वेगही मोजला जातो. सावकाश आलेल्या टंचाईत क्षयाचा जिवाणू तगतो, अचानक आलेल्या टंचाईत मरतो. स्थिर टंचाईत समुद्रातील जिवाणू आपले काम शेवटपर्यंत नेतात, हेलकावणाऱ्या टंचाईत ते अर्धवट सोडतात.

माणूस हल्ली हा वेग आणि हे प्रमाण दोन्ही बदलत आहे. नदीतून समुद्रात जाणारे खत आणि मैला जिवाणूंना अन्न पुरवतात, तर तापणारे पाणी मुळातच कमी प्राणवायू धरून ठेवते. मांडवी-जुवारीच्या मुखापलीकडचे पाणी पावसाळ्याअखेरीस किती काळ आणि किती खोलवर गुदमरेल, हे आपण त्यात काय सोडतो यावरही अवलंबून राहील. त्या पाण्यातील जिवाणूंची जनुके आपल्या नियमांनी चालतील. त्यांच्यापुढे कोणती परिस्थिती ठेवायची, एवढेच आपल्या हाती आहे.